शेक, लघवी आणि नेमकी गोळी

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रेडिएशन, म्हणजे ‘शेक’, घेणाऱ्या माणसाला यंत्राखाली झोपताना लघवीची पिशवी भरलेली ठेवावी लागते. बहुतेक केंद्रांत आधी लघवी करून यायला सांगतात, मग अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी प्यायला देतात आणि अर्धा-पाऊण तास बसवून ठेवतात. भरलेलं मूत्राशय वर उचललं जातं, त्याचा बराचसा भाग किरणांच्या वाटेतून बाजूला होतो आणि आतडीही वर सरकतात. पिशवी रोज साधारण तेवढीच भरलेली असली, तर प्रोस्टेट ग्रंथीही रोज जवळपास त्याच जागी सापडते. पहिले आठ-दहा दिवस हे सहज निभावतं. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला मात्र पाणी पिऊन दहा-पंधरा मिनिटं होतात न होतात तोच माणूस बाकावर चुळबुळ करायला लागतो, आणि यंत्रावर नाव पुकारण्याआधीच उठून संडासाकडे जातो.

हा माणूस श्रीपूरचा असेल तर त्याची अडचण दुप्पट होते. माळशिरस तालुक्यातलं हे ऊसपट्ट्यातलं गाव कारखान्याभोवती वाढलं. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना इथे उभा राहिला, आणि आज पांडुरंग सहकारी साखर कारखानाही याच गावात आहे. पण रेडिएशनसाठी इथून बार्शी, सोलापूर नाहीतर पुणे गाठावं लागतं. टेंभुर्णी, कुर्डुवाडी करत बार्शीला जायचं म्हटलं तरी एसटीने जाता-येता मिळून निम्मा दिवस रस्त्यात जातो. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या प्रवाशांना एसटी मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयाच्या माणसांना अर्धं तिकीट पडतं, त्यामुळे खर्चाचा भार हलका झाला आहे. गाडीत लघवी कुठे करायची, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

त्यावर बहुतेक जण एकच उपाय काढतात: सकाळपासून पाणी प्यायचं नाही. माणसाच्या दृष्टीने हे अगदी साहजिक आहे, आणि नेमकं हेच त्याला त्रासात ढकलतं. पाणी कमी झालं की लघवी दाट होते आणि आधीच हुळहुळलेल्या आतल्या अस्तराला ती आणखी झोंबते. जंतुसंसर्गाची भीती वाढते. सोलापूर जिल्ह्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर अंगातलं पाणी घामावाटेच निघून जातं. शिवाय केंद्रावर पोचल्यावर पिशवी वेळेत भरत नाही. मग थांबा, पुन्हा पाणी प्या, पुन्हा स्कॅन करून बघा, आणि तेवढ्यात परतीची गाडी निघून जाते. घरी कोणीतरी म्हणतं, ‘उन्हाळी लागली असेल.’ धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा सुरू होतो. त्याने नुकसान काही नाही, चार पेले पाणी तरी पोटात जातं; पण खरं कारण तसंच राहतं.

खरं कारण शरीराच्या रचनेत आहे. प्रोस्टेट ही साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधोमध जातो. ग्रंथीला पुरेसे किरण द्यायचे आणि तिच्यातून जाणाऱ्या नळीला अजिबात द्यायचे नाहीत, हे आजच्या कुठल्याही यंत्राला जमलेलं नाही. मूत्राशयाचा तळही ग्रंथीला चिकटून असल्याने त्याच्याही वाट्याला काही किरण येतात. यातून तीन गोष्टी घडतात. ग्रंथीला सूज येऊन नळी आवळते. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू ताठरतात. आणि आतलं नाजूक अस्तर सोलवटल्यासारखं होतं, त्यामुळे पिशवी थोडी भरली तरी ती ‘आता जा’ म्हणून निरोप धाडते. तक्रारी सहसा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतात, उपचार संपता संपता किंवा त्यानंतरच्या पंधरवड्यात सर्वांत जास्त असतात आणि दोन-तीन महिन्यांत बहुतेकांच्या ओसरतात.

तिन्ही गोष्टींची तक्रार बाहेर एकाच वाक्यात येते: ‘सारखं लघवीला जावं लागतं.’ वाक्य एक असलं तरी त्यामागची कारणं वेगळी आहेत, आणि एका कारणावरची गोळी दुसऱ्या कारणात घातक ठरू शकते. या प्रकरणातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हीच.

हा त्रास किती जणांना होतो, याचं एक चांगलं मोजमाप महाराष्ट्रातच झालं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वेदांग मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१७ या काळात जास्त धोक्याचा प्रोस्टेट कॅन्सर झालेल्या २२४ पुरुषांची चाचणी घेतली. निम्म्यांना फक्त प्रोस्टेटवर किरण दिले, निम्म्यांना प्रोस्टेटसोबत ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींवरही. प्रोस्टेटला दोन्हीकडे २५ बैठकांत ६८ ग्रे इतकी मात्रा होती. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा जगभर त्यांची दखल घेतली गेली, कारण लसिकाग्रंथींवरही किरण दिलेल्यांपैकी ९५ टक्के लोकांत पाच वर्षांनंतरही पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरचा रक्तातला निर्देशक) वाढलेला नव्हता. फक्त प्रोस्टेटवर किरण दिलेल्यांत हे प्रमाण ८१.२ टक्के होतं. या यशाची किंमतही त्याच अहवालात स्वच्छ लिहिली आहे: औषध लागेल इतपत किंवा त्याहून जास्त असा उशिरा उद्भवणारा लघवीचा त्रास लसिकाग्रंथींवरही किरण दिलेल्या गटात २० टक्के, तर फक्त प्रोस्टेटवर दिलेल्यांत ८.९ टक्के. म्हणजे कॅन्सर आवरण्यासाठी डॉक्टर जेवढा विस्तृत भाग निवडतील तेवढी लघवीच्या त्रासाची तयारीही आधीपासून ठेवायला हवी.

बैठकांची संख्या हा श्रीपूरच्या माणसासाठी आणखी एक जिव्हाळ्याचा विषय. पूर्वी सात-आठ आठवडे रोज जावं लागे. ब्रिटनमधल्या ३,२०० हून अधिक पुरुषांच्या ‘चिप’ चाचणीने २०१६ मध्ये दाखवलं की ३७ बैठकांऐवजी २० बैठकांतही तेवढाच परिणाम साधता येतो. त्यानंतर ‘पेस-बी’ चाचणीने हा आकडा पाचावर आणला. पाच फेऱ्या म्हणजे ऊसतोडीच्या हंगामात मुलाला पाचच दिवस कामावरून सुटी काढावी लागते. हा फरक फार मोठा आहे. पण २०२४ साली आलेल्या पाच वर्षांच्या निष्कर्षांत औषध लागण्याजोगा लघवीचा त्रास पाच बैठकांच्या गटात २६.९ टक्के आणि नेहमीच्या गटात १८.३ टक्के निघाला. कॅन्सरवरचा ताबा दोन्हीकडे सारखाच होता. ज्याची लघवीची धार आधीच बारीक आहे, त्याने ‘पाच दिवसांत मोकळे व्हाल’ हे ऐकून लगेच हो म्हणण्याआधी हा आकडा डॉक्टरांशी बोलून घ्यावा.

आता रुग्णाला त्याचा त्रास विचारण्याबद्दल. या जिल्ह्यात त्याचा एक मोठा धडा आहे. बार्शीला डॉ. भगवान नेने यांच्या पुढाकारातून नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालय उभं राहिलं आणि १९८७ साली टाटा मेमोरियलच्या साहाय्याने तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं तिच्या कक्षेत होती. रुग्ण दवाखान्यात येतील तेव्हा नोंदवू, असं म्हटलं असतं तर वही कोरीच राहिली असती, कारण माणसं येतच नव्हती. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले, बैठका घेतल्या, कॅन्सरची लक्षणं समजावून सांगितली आणि कुणाला काय होतंय ते विचारलं. डॉ. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी पुढे दाखवून दिलं की या विचारपुशीमुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडू लागला. या नोंदणीत प्रोस्टेटच्या कॅन्सरचं प्रमाण पुण्या-मुंबईच्या तुलनेत बरंच कमी दिसतं. त्यामुळे गावात या आजाराचा अनुभव असलेलं दुसरं कोणी सापडणंही कठीण. चावडीवर गुडघेदुखीची चर्चा होते. धोतर ओलं झाल्याची होत नाही. सत्तरीचा बाप सुनेसमोर ते सांगणार नाही आणि तरुण डॉक्टरीणबाईंसमोर तर नाहीच.

म्हणून विचारायचंच झालं तर ते कागदावर विचारणं सोयीचं. त्यासाठी आयपीएसएस नावाची सात प्रश्नांची सोपी प्रश्नावली आहे. लघवी झाल्यावर पिशवी पूर्ण रिकामी झाली नाही असं वाटतं का? दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागतं का? धार मध्येच थांबून पुन्हा सुरू होते का? लागली की रोखणं कठीण जातं का? धार बारीक आहे का? जोर करावा लागतो का? रात्रीत किती वेळा उठावं लागतं? प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण, एकूण ३५. सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीस आणि त्यापुढे तीव्र. अजून एक प्रश्न शेवटी असतो: आयुष्यभर असंच राहिलं तर कसं वाटेल?

या कागदाचा खरा उपयोग बेरजेपेक्षा फोडीत आहे. समजा, दोघांचे गुण १८ आले. एकाचे बहुतेक गुण बारीक धार, तुटक धार, जोर करणं आणि अपुरी रिकामी होणारी पिशवी यांत आहेत. म्हणजे त्याची वाट आवळली आहे. दुसऱ्याचे बहुतेक गुण घाईची लघवी, वारंवार जाणं आणि रात्रीचं उठणं यांत आहेत. म्हणजे त्याची पिशवी चिडली आहे. दोघांचं औषध वेगळं. रेडिएशन सुरू होण्याआधी हा कागद एकदा भरून ठेवला तर पुढे तुलना करता येते, आणि ज्याचे गुण सुरुवातीलाच जास्त आहेत त्याला नंतर त्रास जास्त होण्याची शक्यताही आधीच कळते.

वाट आवळलेल्या माणसासाठी पहिलं औषध अल्फा-ब्लॉकर गटातलं. टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन ही नावं चिठ्ठीवर नेहमी दिसतात. मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्ये जे स्नायू आपल्या इच्छेवर चालत नाहीत, त्यांना ही औषधं सैल करतात. सूज तीच राहते, पण आवळ कमी होतो, आणि काही दिवसांतच धार सुधारल्याचं जाणवतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये रेडिएशनच्या काळातल्या तक्रारींसाठी याच गटातलं टेराझोसिन वापरून पाहिलं, तेव्हा साध्या दाहशामक गोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त रुग्णांना त्याने आराम पडला. त्रास सुरू होण्याआधीच गोळी द्यावी का, यावर मतं वेगळी आहेत. प्रोस्टेटमध्ये किरणोत्सर्गी बिया पेरण्याच्या उपचाराआधी टॅमसुलोसिन देऊन २००५ मध्ये एक चाचणी झाली. लघवी तुंबण्याचं प्रमाण त्याने घटलं नाही, पण पाचव्या आठवड्यातल्या तक्रारी मात्र कमी भरल्या. त्यामुळे आधीपासून त्रास असलेल्याला गोळी लवकर सुरू करणं आणि बाकीच्यांवर लक्ष ठेवणं, हा मधला मार्ग समंजस वाटतो.

टॅमसुलोसिनची ०.४ मिलिग्रॅमची कॅप्सूल रोज एकाच जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यायची असते, आणि ती फोडायची किंवा चावायची नसते. या गोळीने रक्तदाब थोडा उतरू शकतो. रात्री लघवीला लागलं म्हणून झटकन उठलं की भोवळ येते. आधी काठावर बसावं, मग उभं राहावं. वीर्य बाहेर न येता उलटं मूत्राशयात जाऊ शकतं; त्याने अपाय होत नाही, पण आधी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरतो. आणखी एक गोष्ट या वयात फार महत्त्वाची: ही गोळी घेत असलेल्या, किंवा पूर्वी कधी घेतलेल्या, माणसाच्या डोळ्यातला बाहुलीभोवतीचा पडदा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत लुळा पडू शकतो. अमेरिकेतल्या दोन नेत्रतज्ज्ञांनी २००५ साली ही गोष्ट पहिल्यांदा नोंदवली. शिबिरात मोतीबिंदूसाठी नाव देणाऱ्याने ‘मी लघवीची गोळी घेतो’ असं सर्जनला आधी सांगितलं, तर ते तशी तयारी ठेवतात आणि शस्त्रक्रिया नीट पार पडते.

पिशवी चिडलेल्या माणसाचं औषध दुसऱ्या टोकाचं. ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, सोलिफेनासिन ही औषधं मूत्राशयाच्या स्नायूंचं अवेळी आकुंचन थोपवतात. घाई कमी होते, एसटीतला तास निभावतो. पण ज्याची वाट आधीच आवळली आहे त्याला हीच गोळी दिली, तर पिशवी ढकलायची थांबते आणि लघवी पूर्ण तुंबू शकते. म्हणून ती देण्याआधी लघवी करून आल्यावर पोटाची सोनोग्राफी करून पिशवीत किती लघवी उरते हे बघणं चांगलं. या औषधांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, वयस्कर माणसाचा गोंधळ उडू शकतो. बद्धकोष्ठ इथे दुहेरी नडतो, कारण भरलेलं गुदाशय प्रोस्टेटला जागेवरून हलवतं आणि किरणांचा नेम चुकू शकतो. घामही कमी येतो. सोलापूरच्या वैशाखात, उसाला पाणी द्यायला दुपारी शेतावर जाणाऱ्या माणसाला घाम न येणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. ही सूचना गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरात असते. ती तोंडी सांगितली जायला हवी.

मिराबेग्रॉन हे याच कामाचं पण वेगळ्या वाटेने जाणारं नवं औषध. ते पिशवीला सैल करून तिची क्षमता वाढवतं, तोंड फारसं कोरडं पाडत नाही. मात्र त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि रक्तदाब वाढू शकत असल्याने तो मोजत राहावा लागतो. ज्याचा रक्तदाब फार चढलेला आणि ताब्यात नाही, त्याला ते देत नाहीत.

जळजळ हा तिसरा प्रकार. इथे पहिलं पाऊल गोळी नसून तपासणी आहे: लघवीची साधी तपासणी आणि कल्चर. जंतू निघाले तर त्यांना लागू पडणारं अँटिबायोटिक. नाही निघाले तर अँटिबायोटिक देऊन काहीच साधत नाही. जळजळीवर सगळीकडे लिहून दिलं जाणारं लघवी अल्कलाइन करणारं सिरप काहींना बरं वाटतं, पण त्यात सोडियम असतं, म्हणून हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्याने ते बाटल्यांमागून बाटल्या पिऊ नये. फेनाझोपायरिडिन नावाची गोळी अस्तराला बधिर करून काही दिवस आराम देते. तिने लघवी गडद केशरी होते. हे आधी सांगितलं नाही तर रक्त आलं समजून घरादाराची झोप उडते.

औषधांच्या दुकानातून न विचारता घेतलेल्या सर्दीच्या गोळीचाही इथे उल्लेख करायलाच हवा. नाक मोकळं करणारं फिनाइलएफ्रिन आणि झोप आणणारं क्लोरफेनिरामिन या जोडगोळीने सुजलेल्या प्रोस्टेटमागे लघवी अडकून पडू शकते. ओटीपोट फुगलं, कळ येते, लघवी थेंबही होत नाही, अशा वेळी पाणी पिऊन वाट बघत बसायचं नाही. जवळच्या रुग्णालयात जाऊन नळी घालून घ्यायची. याउलट रक्तदाबासाठी ‘पाण्याची गोळी’ (लघवी वाढवणारी) घेणाऱ्याने ती संध्याकाळऐवजी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारलं तर रात्रीचं उठणं तेवढ्यानेही कमी होतं. मधुमेह ताब्यात नसेल तर प्रोस्टेटवरच्या कुठल्याही गोळीने लघवीच्या फेऱ्या कमी होणार नाहीत. प्रवासाच्या दिवशी चहा एकच कप, पाणी मात्र दिवसभर थोडं थोडं, आणि झोपण्याआधीच्या दोन तासांत कमी.

धोका जास्त असलेल्या रुग्णांना रेडिएशनसोबत हार्मोन कमी करणारी इंजेक्शनं देतात. ती दोन-तीन महिने आधी सुरू केली तर ग्रंथी आक्रसते आणि लघवीची वाटही मोकळी होते. पण इंजेक्शनाच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत हार्मोन आधी उसळतं आणि मग खाली येतं. त्या उसळीत लघवी तुंबू नये म्हणून सोबत बायकालुटामाइडसारखी गोळी देतात. ती गोळी महाग वाटली म्हणून अर्ध्यात सोडणं धोक्याचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशनचा खर्च बसतो. या जोडीच्या औषधांचं काय, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

उशिराचा त्रास वेगळा. उपचार संपून सहा महिने, कधी काही वर्षं झाल्यावर अस्तराखालच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, पिशवी ताठर होते आणि लघवीतून रक्त येऊ शकतं. हे ‘उष्णतेचं’ म्हणून सोडून द्यायचं नाही. दुर्बिणीतून आत पाहून रक्त कशाचं हे ठरवावं लागतं, कारण मूत्राशयाचा नवा कॅन्सरही असाच सुरू होऊ शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं. त्रास किरणांचाच असेल तर उच्च दाबाच्या खोलीत शुद्ध ऑक्सिजन घेण्याचा उपचार आहे. उत्तर युरोपातल्या पाच रुग्णालयांत झालेल्या ‘रिच-आर्ट’ चाचणीत, २०१९ च्या अहवालानुसार, अशा ३० ते ४० बैठकांनंतर रुग्णांच्या तक्रारी लक्षणीय कमी झाल्या. श्रीपूरहून त्यासाठी मोठ्या शहरात मुक्काम करावा लागेल, आणि तो खर्च सोपा नाही.

राहिला गोळ्या थांबवण्याचा मुद्दा, आणि तो सर्वांत जास्त विसरला जातो. रेडिएशनच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झालेली टॅमसुलोसिन कित्येकांकडे पाच वर्षांनीही चालू असते, कारण कोणी बंद करायला सांगितलेलंच नसतं आणि दुकानदार जुन्या चिठ्ठीवर देत राहतो. उपचार संपल्यावर तीन महिन्यांच्या तपासणीला जाताना सात प्रश्नांचा तोच कागद पुन्हा भरून न्यावा. गुण सुरुवातीच्या आकड्याच्या जवळ आले असतील तर डॉक्टर एका वेळी एकच गोळी बंद करतात, दोन-तीन आठवडे धार आणि रात्रीच्या फेऱ्या बघायला सांगतात आणि मगच पुढच्या गोळीचं ठरवतात. ज्याची प्रोस्टेट आधीपासूनच वाढलेली होती, त्याला ती पुढेही लागू शकते. पण तसं ठरवून लिहिलेलं असावं, आणि ती गोळी चालू आहे हे घरातल्या एकाला तरी ठाऊक असावं.